माणशी साडेचार लिटर

"पाणी कुठनं?" हा बालाजीमामांनी आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न. तोही आम्ही त्यांना काही विचारलेलं नसताना.

मी आणि तन्मय गच्चीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. मामीने जुन्या साडीवर तांदळाचे सांडगे वाळत घातले होते, ते उलटायला मामा वर आले होते. स्क्रीनवर जैसलमेरच्या पश्चिमेचा मुलूख होता. वाळूच्या टेकड्या थोड्याच, बाकी काळा दगड, फुटलेली पठारं आणि कोरड्या ओढ्यांचे पाट. त्यातून तन्मयने एक लाल रेघ काढली होती. पाच दिवस, ब्याण्णव किलोमीटर, पाठीवर तंबू आणि शिधा. मामा उभ्याउभ्या त्या रेघेकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. तन्मयने नकाशावरच्या दोन निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं, म्हणाला विहिरी आहेत. "ठिपके असके ओले असतात कां?" मामा म्हणाले, आणि सांडगे उलटायला गेले.

मामा म्हणजे आमचे घरमालक. सदुसष्ट वर्षांचे, मूलबाळ नाही, घरात ते आणि विजयालक्ष्मीमामी. अण्णा नगरच्या मागच्या बाजूला त्यांचं दुमजली घर, वरच्या मजल्यावर भाड्याने मी. मूळची सिन्नरची. श्रीपेरुंबुदूरला एका मोटारीच्या कारखान्यात डिझाइन बघते, पहाटे सहाची कंपनीची बस पकडते. तन्मय त्याच बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसायचा. तो साताऱ्याचा. आम्हा दोघांना आणि बँकेत असलेल्या आमच्या मैत्रिणीला, नीलमला, सह्याद्रीची सवय होती, आणि चेन्नईत डोंगर नाही म्हणून आम्ही चिडलेलो असायचो. वाळवंटाचं खूळ त्या चिडण्यातून आलं.

मामांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि मराठी तिथेच थांबली. 'मी सांगितलों' म्हणतात, 'सगळे'ला 'असके' म्हणतात, 'म्हणून'ला 'मणून', आणि प्रत्येक वाक्याला तमिळ हेल. माझी मराठी त्यांना घाईची वाटायची. "तूं शब्द गिळतीस, यामिनीम्मा," म्हणायचे.

छत्तीस वर्षं त्यांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात निरीक्षक म्हणून काढली. त्यांच्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही. त्या गाड्या चाचणीसाठी राजस्थानच्या वाळवंटात जायच्या, बरोबर कारखान्याची माणसं जायची. मामांचं नाव तीनदा यादीत लागलं. एकदा वडिलांचं वर्षश्राद्ध आडवं आलं, एकदा कावीळ झाली आणि तिसऱ्यांदा साहेबांनी आपला माणूस पाठवला. परत आलेल्या गाड्यांचे हवेचे फिल्टर उघडायचं काम मात्र मामांकडे यायचं. त्या फिल्टरमधून निघालेली मूठभर वाळू त्यांनी एका काचेच्या बरणीत ठेवली आहे. ज्या जागेसाठी आयुष्यभर गाड्या तपासल्या ती जागा त्यांनी कधी पाहिली नाही. त्यांनी स्वतः कधी हे असं म्हटलं नाही. मामीने सांगितलं.

त्या संध्याकाळनंतर आठवडाभराने ते जिना चढून आले, हातात फुलस्केप कागद. आमच्या सहलीचा पाण्याचा तक्ता. पहिला दिवस किती, दुसरा किती, जीपने आधी जाऊन कुठे कॅन पुरून ठेवायचे, कॅन फुटला तर काय. खाली सही, तारीख आणि 'आवृत्ती १'. कारखान्यातली पद्धत. कागदात काही बदललं की नवी आवृत्ती काढायची, ती प्रत्येकाच्या हातात द्यायची आणि जुनी परत मागून फाडायची. तन्मयने तो तक्ता वाचला आणि पहिल्यांदाच गंभीर झाला. आमच्या रेघेत पाणी नव्हतंच. नुसती हौस होती.

"मामा, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर," मी म्हटलं. खरं सांगते, तोंडदेखलं म्हटलं. चार दिवसांनी समजलं, ते अण्णा नगरमधल्या एका इस्पितळात जाऊन धावत्या पट्ट्यावर हृदयाची तपासणी करून आले. रिपोर्ट स्वच्छ. रिपोर्टची प्रत त्यांनी मला आणून दिली, तन्मयसाठी एक आणि नीलमसाठी एक. मग कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही.

त्यानंतरचे चार महिने मामा तरणे झाले होते. पहाटे मी बस पकडायला निघायचे तेव्हा ते पाठीवर विटा भरलेली पिशवी घेऊन गल्लीच्या फेऱ्या मारत असायचे. शेजारचे चंद्रमौळी दारातून विचारायचे, बालाजी, घर बांधतोयस का. मामी सैंपाकघरात चिंचेचा कोळ तेलात आटवून बरण्या भरायची, भातात कालवला की जेवण झालं. "मला तर एवढ्या वर्षांत तिरुपतीच्या पलीकडे नेलं नाही," ती मला म्हणायची, पण बरण्या भरत राहायची.

डिसेंबरात एका रविवारी मामांनी आमची परीक्षा घेतली. एन्नोरला उतरून समुद्राच्या कडेने, वीजकेंद्राच्या चिमण्या समोर ठेवून, वाळूतून चौदा किलोमीटर. पाठीवर पूर्ण ओझं. प्रत्येकाला तीन-तीन पंचे दिले होते. घाम आला की पुसायचा आणि पंचा प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा. निघण्याआधी पंचे मामीच्या काट्यावर तोललेले, परतल्यावर पुन्हा तोलायचे. किती घाम गेला ते असं मोजायचं, तेवढं पाणी द्यायचं, वर थोडं राखीव. चेन्नईच्या माणसाला ऊन घामावरून कळतं. इथे बसस्टॉपपर्यंत गेलं तरी सदरा पिळून निघतो, म्हणून उन्हाचं माप म्हणजे घाम आणि घामाचं माप म्हणजे पंचा. आम्हालाही ते पटलं. आम्ही दोघं इंजिनिअर, नीलम आकडेमोडीत पक्की, आणि पटलं. तिथून 'आवृत्ती २' निघाली. माणशी दिवसाला साडेचार लिटर.

पण त्याच दिवशी आणखी एक मोजमाप झालं, ते आमच्या डोक्यात. मामा आमच्या मागून एक तास दहा मिनिटांनी पोहोचले. थकले नव्हते, नुसते हळू होते. शिवाय पाणी प्यायला त्यांना थांबावं लागायचं. बाटलीला ओठ लावणं त्यांच्या घरात बसत नाही, उष्टं होतं. मान मागे टाकून वरून धार धरायची, आणि चालता चालता ते जमत नाही. आम्ही नळीच्या पिशव्या घेतल्या होत्या, नळी तोंडात धरायची आणि चालत राहायचं. मामांनी ती नळी दोन बोटांत धरून बघितली आणि परत दिली. दर अर्ध्या तासाला ते थांबायचे, पिशवी उतरवायचे, बाटली काढायचे, वरून पाच घोट घ्यायचे, आणि बरोबर होतो तोवर आम्हालाही म्हणायचे, "पिऊन घ्या." तन्मय परतीच्या लोकलमध्ये मला म्हणाला, "यामिनी, पाच दिवसांचे आठ होतील." नीलम खिडकीबाहेर बघत होती. मामा समोरच्या बाकावर आमचे ओले पंचे मांडीवर घेऊन बसले होते.

जानेवारीचा बेत रजेमुळे बारगळला. ते खरं होतं, आमच्या कारखान्यात नवीन गाडी यायची होती. फेब्रुवारीच्या मध्यावर आम्हाला मार्चची रजा मिळाली आणि आम्ही तिघांनी ठरवलं की मामांना सांगायचं नाही. कुणी सांगायचं नाही हे ठरवायला वेळ लागला नाही. काय सांगायचं ते मी ठरवलं. त्यांच्या घरात राहणारी मी, मामीच्या हातचं जेवणारी मी. जिन्यात गाठून मी त्यांना सांगितलं की रजा मिळतच नाही, यंदाची सहल रद्द. चेहरा पाडून सांगितलं. चेहरा पाडायला मला काही कष्ट पडले नाहीत, कारण लाज वाटत होतीच. तीच उपयोगी पडली.

मामा दोन पायऱ्या खाली उभे होते. "सरि, बरं," म्हणाले. "रजा नाहीं तर काय करणार. पुढच्या वर्षीं जाऊं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूं वाईट वाटून घेऊं नको मा." त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यासमोर वाळवंट हा शब्द काढला नाही. विसरले असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. माझी पिशवी मी चादरीत गुंडाळून तन्मयच्या घरी नेऊन ठेवली. होळीपुरते चार दिवस सुटी आहे, सिन्नरला जाते असं मामीला सांगितलं. तिने आईसाठी सांडगे बांधून दिले.

आम्ही अकरा मार्चला चालायला लागलो. तक्ता मामांचाच होता, फक्त माणशी आकड्याला चारऐवजी तीनने गुणलं होतं. एक प्रत तन्मयच्या खिशात, घडी घालून.

पहिले दोन दिवस मी आयुष्यात कधी इतकी खूश नव्हते. ऊन होतं, पण घाम नव्हता. चेन्नईत सहा वर्षं अंगाला चिकटलेला तो ओला थर निघून गेला होता. सदरा दिवसभर कोरडा. तन्मय हात पसरून म्हणाला, "घामच येत नाही यार, मामांनी पाणी उगाच जास्त धरलंय." घाम येत होता. आल्या क्षणी उडून जात होता. ज्या हवेत घाम अंगावर राहतो त्या हवेतलं माप आम्ही जिथे तो राहत नाही तिथे नेलं होतं, आणि पंचा कोरडा म्हणून निर्धास्त होतो. साडेचार लिटरही आम्ही पुरते प्यायलो नाही. दुसऱ्या दिवशीच्या पुरलेल्या कॅनमधून तन्मयने ओझं नको म्हणून पाणी कमीच भरून घेतलं. तोच सगळ्यात पुढे चालायचा. त्याच्यामागे आम्हीही ओढ्याच्या पाटातून दगडांवरून उड्या मारत निघायचो. थांबायला कुणी सांगणारं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तन्मय साताऱ्याच्या कुठल्याशा बसचं बोलायला लागला. आधी मला वाटलं थट्टा करतोय. मग तो खाली बसला आणि उठेना. अंग तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. होतं नव्हतं ते पाणी आम्ही त्याला पाजलं, ते त्याने ओकलं. फोनला रेंज मिळेपर्यंत नीलम दोन तास एकटी चालत गेली. मी त्याच्यावर तंबूचं कापड धरून बसले. जीप आली तेव्हा ऊन उतरलं होतं. वाटेतच तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. आम्ही दोघी सलाइनवर होतो तेव्हा पोलिसांनी त्याच्या खिशातले कागद काढले, आणि त्यात एकाच कागदावर नाव, सही आणि फोन नंबर होता. त्यांनी तो फिरवला.

अशी बातमी मामांना कळली. त्यांना हिंदी धड येत नाही. मामीने नंतर मला सांगितलं, ते फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होते की चूक होतेय, आमची सहल रद्द झाली आहे, मुलं घरी आहेत. मग पलीकडच्या माणसाने कागद वाचून दाखवला. शेवटी सहीचं नाव वाचलं. मामा 'हां' म्हणाले आणि फोन खाली ठेवला.

मी साताऱ्याहून सगळं उरकून चेन्नईला आले तोवर दोन आठवडे झाले होते. तन्मयच्या आईने मला एकही प्रश्न विचारला नव्हता, तेच मला झेपलं नव्हतं. इथे मामा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली. मी दारातच उभी राहिले. घर सोडायला सांगतील, ओरडतील, निदान का असं विचारतील, याची मी गाडीत बसल्यापासून तयारी केली होती. त्यांनी विचारलं, "शेवटीं पाणी किती उरलं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, उत्तर ठाऊक असल्यासारखी. मग उठून कपाटातून फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. तोच तक्ता, त्यांच्याच अक्षरात. आवृत्ती ३. माणशी आठ लिटर. खाली सही आणि तारीख, सहा मार्च.

सहा मार्च. आम्ही निघायच्या पाच दिवस आधी.

मग त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते तिरुवण्णामलैला गेले होते. तिथे डोंगराला प्रदक्षिणा घालतात, चौदा किलोमीटर, अनवाणी. मामा सकाळी निघाले, भर उन्हात दुपारी संपवली. समुद्र तिथून लांब, हवा कोरडी. सवयीने खांद्यावर पंचा होता. प्रदक्षिणा संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पंचा कोरडा आहे. त्यांना आधी बरं वाटलं. मग निरीक्षकाचं डोकं. देवळाबाहेर वजनाचं यंत्र होतं, निघताना सहज त्याच्यावर उभे राहिले होते, आता पुन्हा राहिले. पावणेदोन किलो कमी. पंचा कोरडा आणि माणूस पावणेदोन किलो कमी. परतीच्या बसमध्येच त्यांनी सगळा हिशेब नव्याने केला, आणि घरी येऊन त्याच दिवशी तक्ता लिहिला.

"सहा तारखेला मी इथेच होते," मी म्हटलं. "वरच होते, मामा. तुम्ही मला का नाही दिलात? तुम्ही तर आवृत्ती बदलली की लगेच..."

"होय. जिना चढलों होतों." ते कागदाकडे बघत बोलत होते. "अर्ध्यांतनं उतरलों. रजा मिळाली नाहीं मणून तूं इतकी कष्टी होतीस. त्या दिवशीं तुझं तोंड पाहिलों होतों मी. परत वाळवंटाची गोष्ट काढून तुला कशाला दुखवायचं मणून मी सांगितलों नाहीं. पुढच्या वर्षीं देऊं मणून ठेवलों."

मामी आतल्या दारात येऊन उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता.

"चूक माझी आहे," मामा म्हणाले. "जुना कागद बाहेर होता, त्यावर माझी सही होती, आणि तो चुकीचा आहे मणून मला कळलं होतं. मी त्याच्या आईला पत्र लिहितों."

"तुम्ही काही लिहायचं नाही." मी त्यांच्यावर ओरडले. मला दुसरं काही जमेना. मग खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. रजा मिळाली होती. फेब्रुवारीतच मिळाली होती. जिन्यातलं ते तोंड खोटं होतं. तुम्ही एन्नोरला तासभर मागे राहिलात, पाणी प्यायला दर अर्ध्या तासाला थांबायला लावलंत, म्हणून आम्हाला तुम्ही नको होतात. बाकी काही कारण नव्हतं. तुमचा कागद हवा होता आणि तुम्ही नको होतात.

रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली. मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. इतक्या आशेने मी कशाचीच वाट बघितली नाही. पण ते विचार करत होते. वाळवंटातून गाडी परत आली की ती का बंद पडली याचा अहवाल लिहायला ज्या शांतपणे बसत असतील, तसे.

"मी असतों तर," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही असके हळू चालला असतां."

एवढंच. मग ते पाठमोरे झाले आणि मामीला म्हणाले, हिला जेवायला वाढ.